शेवंता किती लांबून येते

नाशिकहून निघताना माझ्या पिशवीत चार साड्या, डबाभर चिवडा आणि तीन लेन्स होत्या. साड्या चारही परत आल्या. चिवडा कसबा बावड्यात पहिल्याच दुपारी संपला. लेन्सचं काय झालं, ते सांगायला बसले आहे.

कॅमेरा जुना, फिल्मचा, रेंजफाइंडर जातीचा. ही जात ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात बघायची खिडकी एका कोपऱ्यात असते आणि फोटो घेणारी लेन्स मधोमध. म्हणजे आपण एका डोळ्याने बघतो आणि कॅमेरा दुसऱ्याच. खिडकीत मधे एक उजळ ठिपका असतो, त्यात समोरच्या माणसाची दोन भुतं दिसतात. लेन्सची कडी फिरवत गेलं की भुतं एकमेकांत शिरतात, आणि माणूस एक झाला की तो आपल्यापासून किती लांब आहे ते कडीवर वाचता येतं. थोडक्यात, हा कॅमेरा म्हणजे आधी अंतर मोजायचं यंत्र, आणि वेळ उरला तर फोटो.

कॅमेरा माझ्याकडे आला तो लेन्सशिवाय, म्हणजे डोळ्याविना. नाशिकमध्ये आमचे एक स्नेही आहेत, त्यांच्या घरात माणसांपेक्षा लेन्स जास्त. दिवाळीला जावई यावेत तशा त्यांनी तीन लेन्स माझ्यासमोर मांडल्या: पस्तीस, पन्नास आणि नव्वद मिलिमीटरच्या. म्हणाले, "सणभर वापरा. रोजची म्हणून एक ठेवून घ्या, दोन परत आणा. दोन ठेवणाऱ्याचे फोटो कधी निघत नाहीत. तो लेन्सच बदलत बसतो."

पस्तीस रुंद बघते. माणसासोबत त्याची खोली, खाट, खुंटीवरचा सदरा असं सगळं आत घेते, पण त्यासाठी आपल्याला त्या खाटेपर्यंत जावं लागतं. नव्वद लांबचं ओढून आणते. माझी नव्वद तर अशी होती की बावड्यातून लावली तर कागलमध्ये कुणाच्या तव्यावर भाकरी फुगली ते कळावं. आणि पन्नास? पन्नास म्हणजे बटाट्याची भाजी. तिला कुणी नावं ठेवत नाही, आणि तिची आठवणही कुणी काढत नाही.

माझं मन नव्वदवर ठरलेलंच होतं. कारण मी निघाले होते म्हशीवाल्यांच्या घरी, आणि म्हशीला मी भिते. लहानपणी एका म्हशीने माझी अर्धी वेणी आणि अख्खी रिबन खाल्ली होती. घरचे म्हणतात, फक्त रिबन. घरचे तिथे नव्हते.

धनत्रयोदशी

कसबा बावडा म्हणजे कोल्हापूरची कड. एका अंगाला साखर कारखाना, एका अंगाला ऊस, मधे नव्या इमारती उगवलेल्या आणि हवेला काकवीचा वास. माझी कॉलेजची मैत्रीण शालन लग्न करून इथे आली त्याला आता तीस वर्षं झाली. दारातच तिने मला मिठी मारली.

"मंगे, किती वाळलीस गं! तुमच्या नाशकात खायला घालत न्हाईत काय?"

मी काट्यावर उभी राहिले की काटा लाजून मान खाली घालतो. पण कोल्हापुरात शिरलेला प्रत्येक पाहुणा वाळलेलाच असतो, आणि त्याला त्याच पायी ताटावर बसवतात. "तू बस, मी रस्सा घेऊन आलो," म्हणून शालन आत गेली. मी दचकून मागे पाहिलं, कोण पुरुष बोलला म्हणून. तीस वर्षांत तिचं क्रियापद पार सासरचं झालं होतं. इथल्या बायका असंच बोलतात: मी आलो, मी गेलो, मी जेवलो. आमच्याकडे नवरा ऐकत नाही म्हणून बायका रडतात. इथे बायकांनी त्याचं क्रियापदच काढून घेतलंय.

तांबडा रस्सा आला. पहिल्या घोटाला माझ्या चष्म्याच्या काचांना घाम फुटला. शालनचा नवरा तानाजी समोर बसून कौतुकाने बघत होता. "ताई, तिखट न्हाय न्हवं? तुमच्यासाठी पाणी घालून केलाय."

आणि कोपऱ्यात खुर्चीवर अण्णा बसले होते. शालनचे सासरे. गळ्याभोवती पांढरा रुमाल.

अण्णांना मी शालनच्या लग्नात पाहिलं होतं. पाहिलं कसलं, ऐकलं होतं. अक्षता पडायच्या आधी त्यांची म्हस सुटून उसात गेली, आणि अण्णांनी मांडवाच्या दारातून हाळी दिली. भटजी मंगलाष्टक विसरले. गडहिंग्लजला थांबलेली एसटी आपोआप सुरू झाली. लोक सांगतात, आणि लोकांना ते मीच सांगितलेलं आहे. पण म्हस आली, हे खरं.

ह्या उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. बसला नाही, घोगरा झाला नाही, संपला. अण्णांनी मला हात जोडले, मग हातानेच विचारलं: प्रवास कसा झाला? मीही हातानेच उत्तर द्यायला लागले. शालन ओरडली, "अगं, त्यांना ऐकू येतंय की!"

संध्याकाळी तानाजी मला शहरातल्या दूध कट्ट्यावर घेऊन गेला. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि पिशवीवर हसरी गाय असते. इथे म्हशी स्वतःच येऊन रस्त्याकडेला उभ्या राहतात, समोर धार काढतात, आणि फेसाळ गरम पेला हातात देतात. मी रस्त्याच्या पलीकडून, रिक्षाच्या आडून, नव्वद लावून सपासप फोटो काढले. निम्मा रोल संपला असेल. तेवढ्यात धार काढणारा माणूस माझ्याकडे बघून ओरडला, "ओ मावशी! टोपण काढा की! म्हस मगाधरनं उभारून दमली!"

लेन्सवर टोपण होतं. या जातीच्या कॅमेऱ्यात हीच खोड: खिडकी वेगळी असल्यामुळे टोपण असलं तरी आपल्याला जग लख्ख दिसतं. काळोख फक्त फिल्मला दिसतो. सगळा कट्टा हसला. मला तर त्या म्हशीही हसल्यासारख्या वाटल्या. ही बातमी आमच्याआधी बावड्यात पोहोचली. दारात अण्णा उभे होते. त्यांनी तळहाताने एक डोळा झाकला, हळूच उघडला, आणि खांदे गदगदा हलवत बिनआवाजी हसले.

नरक चतुर्दशी

सकाळी उटणं, कारीट, फराळ हे सगळं आमच्यासारखंच. फरक इतकाच की चकलीबरोबर ठेचा होता. खाऊन घरामागच्या परड्यात गेले तर अण्णा एक वीट हातात घेऊन उभे. गोठ्याच्या दारात शेवंता, त्यांची म्हस. रंग ओल्या डांबराचा, शिंगं पार मागे वळलेली. मी नव्वद लावून नळाच्या मागे उभी राहिले.

अण्णांनी वीट जमिनीवर ठेवली, तिच्यामागे उभे राहिले आणि हात पुढे केला, रिकामा. शेवंता रवंथ करत राहिली. अण्णांनी वीट पाऊलभर तिच्या दिशेने सरकवली. पुन्हा हात. शेवंताने कान हलवला. वीट आणखी जवळ. आता ती चालत आली आणि त्यांच्या तळहाताला नाक लावलं. अण्णांनी विटेच्या जागेकडे नीट पाहून घेतलं.

"काय करालेत गं?" मी शालनला विचारलं. दोन दिवसांत माझंही क्रियापद घसरायला लागलं होतं.

मग तिने सांगितलं. पाडव्याला इथे म्हशी पळवतात. मालक फटफटीवर पुढे आणि म्हस मागे, ना कासरा ना दावं. आपल्या गाडीचा आवाज ओळखून पळते. आणि शेवटी मालक चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून हाळी देतो. हलगी, फटाके, गर्दी, दहा जणांच्या हाळ्या, या सगळ्यातून म्हस नेमकी आपल्या माणसाकडे यायची. आली तर तो तिचा मालक. न आली तर ती नुसती त्याच्या गोठ्यात बांधलेली आहे.

"आणि अण्णांची तर हाळीच गेली," मी म्हणाले.

"म्हणून वीट. आवाजाबिगर ती किती लांबनं येते, ते बघालेत. दिवाळीच्या आधीपासनं रोज."

तानाजीला हे बघवत नव्हतं. त्याने वेगळा उपाय शोधला होता. मागच्या पाडव्याचा व्हिडिओ मोबाईलवर होता, त्यात अण्णांची हाळी. त्याने ओट्यावर एक स्पीकर ठेवला आणि आवाज पूर्ण सोडला.

"हे... शेवंऽऽताऽऽ!"

माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षांपूर्वीचा मांडव आठवला. शेवंताने मान झटक्यात वर केली आणि धावली. अण्णांच्या शेजारून, त्यांच्या लांबवलेल्या हाताशेजारून धावली आणि ओट्यावर जाऊन स्पीकर हुंगायला लागली. स्पीकरच्या मागे बघितलं. दारातून घरात बघितलं. मग हंबरली.

अण्णा परड्याच्या मधोमध उभे होते. त्यांचा हात अजून पुढेच होता.

तानाजीने आवाज बंद केला. "अण्णा, येतीया की! लई भारी काम हुतंय. तुमी नुसतं उभं ऱ्हावा, मी स्पीकर लपवून..."

अण्णांनी खांद्यावरचं दावं काढलं, तानाजीच्या खांद्यावर ठेवलं आणि हातांनी बोलले. वेगात, रागात. मला काही कळलं नाही. शालनने खालच्या आवाजात अर्थ सांगितला. "म्हणत्यात, स्पीकर न्हाय. पाडव्याला माझ्याकडं आली तर म्हस माझी, न्हाय आली तर तुझी. मग मी गोठ्यात पाय टाकणार न्हाय."

"असं कसं, अण्णा?" तानाजी म्हणाला. अण्णांनी वीट उचलली आणि गेले.

हे सगळं मी नळामागून नव्वदने बघत होते. टोपण या वेळी काढलेलं होतं. नव्वदच्या छोट्या चौकटीत फक्त अण्णांचा चेहरा होता; त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलं, आणि मी नळामागे उभी आहे हे त्यांना दिसलं नाही. लांबची लेन्स चांगलं काम करत होती. मला स्वतःचीच थोडी किळस आली. मी कॅमेरा खाली घेतला, बटण दाबलं नाही.

लक्ष्मीपूजन

म्हणून दुसऱ्या दिवशी पस्तीस लावली. लपायचं नाही असं ठरवलं. शेवंताची तयारी चालली होती: अंगाला तेल, शिंगांना रंग, कपाळाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. ब्यूटी पार्लरमध्ये माझा एवढा वेळ कुणी घेतला नाही. मी श्वास धरून जवळ गेले. पस्तीसच्या चौकटीत शिंगाला रंग लावणारा तानाजी होता, तेलाचा डबा होता, शालन होती, सगळं घर होतं. आणखी जवळ. आणखी एक पाऊल. आणि शेवंताने लेन्स चाटली.

म्हशीच्या जिभेबद्दल पुस्तकांत फार कमी लिहिलेलं आहे. मी कॅमेऱ्यासकट मागे शेणात बसले. शेवंताने विचार केला, पुढे आली आणि माझा चष्माही चाटला.

"ताई, तुमाला घरातलं समजालीया ती!" तानाजी हसून बेजार झाला.

नंतर ओट्यावर बसून लेन्स पुसताना मी विचार करत होते. पस्तीस घरातलं करून घेते, हे खरं. पण मी घरातली नव्हते ना. चार दिवसांची पाहुणी, आणि या घरात सध्या एक अशी गोष्ट चालली होती जिच्यात पाहुण्याने पाट मांडून बसू नये. नव्वदने बघणं चोरून ऐकण्यासारखं होतं, आणि पस्तीसने बघणं म्हणजे बोलत्या दोघांच्या मधे जाऊन बसण्यासारखं. मग उभं राहायचं तरी कुठे?

अण्णा परड्यात होते. वीट होती. अंतर मोजायला कुठलीही लेन्स चालली असती, पण हाताला लागली पन्नास. ती लावून मी विटेच्या जागी उभी राहिले आणि खिडकीतून गोठ्याच्या दारातल्या शेवंताकडे पाहिलं. दोन शेवंता. कडी फिरवली, एक झाली. कडीवर वाचलं: तीन मीटरच्या जरा पुढे. मी अण्णांना तो आकडा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला, मग विटेकडे बघितलं. मान हलवली. मग बोटांनी चिमटी करून दाखवलं: एवढंच.

मग चौकाच्या दिशेने हात केला आणि दोन्ही हात फाकवले: तिथे लोक एवढ्या लांब उभे राहतात.

संध्याकाळी पूजेला शालनने घरातली सगळी चालती यंत्रं मांडली: मिक्सर, तानाजीची फटफटी, आणि माझ्या तीन लेन्स. तिघींनाही तिने हळदकुंकू लावलं. मी किंचाळून धावले. पण टोपणं लावलेली होती. आयुष्यात पहिल्यांदाच टोपण काढायला विसरण्याचा फायदा झाला.

पाडवा

आमच्याकडे पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि मग तबकात काय पडलं ते बघते. इथे त्याच तबकाने म्हशीला ओवाळलं, आणि तिने काही मागितलं नाही.

चौकात गर्दी अशी की वरून तीळ टाकला असता तर तोही उभ्याने परत गेला असता. मी अखेर भित्रीच. सकाळी पुन्हा नव्वद लावली आणि कडेच्या उसाच्या ट्रॉलीवर चढून बसले. फटफट्यांचे सायलेन्सर काढलेले, हलगी कडकडत होती. तानाजीच्या मागे शेवंता धावत आली तेव्हा ट्रॉली हलली, आणि निम्मी तर मीच हलवत होते.

मग हाळ्या सुरू झाल्या. एकेक मालक चौकाच्या टोकाला उभा राहायचा, आरोळी ठोकायचा, आणि म्हस गर्दी फाडत त्याच्याकडे जायची. शिट्ट्या, गुलाल. शेवटी अण्णांचा नंबर. शेवंता एका टोकाला, तानाजी तिच्याजवळ, खांद्यावर दावं. हातात तो स्पीकर. न राहवून आणलाच होता.

अण्णा दुसऱ्या टोकाला उभेच राहिले नाहीत. ते चालायला लागले. गुलाल तुडवत, सगळा चौक ओलांडत, शेवंताच्या दिशेने.

"अण्णा, अजून फुडं जावा! शेपूटच धरा की!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. अण्णांनी मान वळवली नाही. विटेच्या अंतरावर आले आणि थांबले. तिथे वीट नव्हती, पण मला ती दिसत होती.

नव्वदच्या खिडकीत मी त्यांना पकडलं, आणि त्याच क्षणी समोर उसासारखे मोबाईल उगवले. शंभर हात वर. लांबून बघण्यात ही अडचण असते: जोवर कुणालाच बघायचं नसतं, तोवरच तुम्हाला दिसतं.

मी ट्रॉलीवरून उतरले. उतरले म्हणजे पडले. पडता पडता लेन्स बदलली, ही माझी थाप नाही. निदान पूर्ण थाप नाही. पस्तीस हातात आली होती, ती परत ठेवली. पस्तीसने त्या दोघांच्या मधे शिरावं लागलं असतं, आणि ती जागा माझी नव्हती. पन्नास लावली आणि लोकांच्या कोपरांखालून पुढे निघाले. थांबले तेव्हा अण्णा आणि शेवंता माझ्यापासून सारखेच लांब होते, जितके ते एकमेकांपासून. माझ्या आणि शिंगांच्या मधे आता फक्त हवा होती.

अण्णांनी हात पुढे केला.

शेवंता रवंथ करत होती. तिच्या बाजूला एक फटाका फुटला. तिने मान दुसरीकडे वळवली. कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं. तानाजीचा अंगठा स्पीकरच्या बटणावर गेला. अण्णांनी त्याच्याकडे न बघता दुसरा हात आडवा केला: नको. हलगी वाजवणाऱ्याने काठ्या खाली घेतल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी खिडकीला डोळा लावला. दोन अण्णा. कडी फिरवते आहे. आणि त्या दोन अण्णांनी माझ्याकडे बघितलं. लांबवलेला हात तसाच ठेवून त्यांनी आडवा केलेला तळहात उचलला, एका डोळ्यावर ठेवला आणि हळूच काढला.

टोपण.

ज्याची म्हस जाणार की राहणार हे त्या घडीला ठरत होतं, त्याने माझ्या टोपणाची आठवण ठेवली. मी ते ओरबाडून काढलं. पुन्हा डोळा लावला. दोन अण्णा एकमेकांत शिरले, एक झाले. या कॅमेऱ्याच्या खिडकीत चौकटीपलीकडचंही थोडं दिसतं; तिथे, कडेला, चाळ वाजले.

शेवंताने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिचं नाक चौकटीत आलं आणि मी बटण दाबलं.

पुढचं मी कॅमेऱ्याशिवाय पाहिलं. तिने तळहाताला नाक लावलं, मग गळ्याचा रुमाल हुंगला, बराच वेळ, आणि कपाळ त्यांच्या छातीला टेकवलं. मोरपिसं मोडली. चौक असा ओरडला की कारखान्याचा भोंगा ऐकू आला नाही. तानाजीने खांद्यावरचं दावं काढून अण्णांच्या खांद्यावर ठेवलं, आणि "डोळ्यात गुलाल गेला" असं मोठ्याने सगळ्यांना सांगत सुटला. कुणी विचारलं नव्हतं.

नाशिक

रोल धुवून आला. निम्मा काळाकुट्ट: दूध कट्टा, टोपणासह. पाडव्याचा फोटो आहे. त्यात अण्णांचा तळहात आहे, शेवंताचं नाक आहे, मागे स्पीकर छातीशी धरलेला तानाजी आहे. आणि हात आणि नाक यांच्या मधे पाऊलभर रिकामी जागा आहे. मी घाई केली, एक पाऊल आधीच बटण दाबलं. आठवडाभर हळहळले. मग हळहळ कमी झाली, कारण जितक्या वेळा बघते तितक्या वेळा त्या जागेतच डोळा जातो.

स्नेह्यांना पस्तीस आणि नव्वद परत दिल्या. त्यांनी पस्तीस उजेडात धरली. "हे काय लागलंय हिला?"

"म्हस," मी म्हणाले.

"आणि पन्नास का ठेवली? तुम्हाला तर ती आवडत नव्हती."

"अजून फारशी आवडत नाही. पण ती सांगते तेवढ्या अंतरावर मला उभं राहता येतं."

फोटोची एक प्रत बावड्याला पाठवली. शालनचा फोन आला.

"मंगे, पोचला गं फोटो. गोठ्याच्या दारात लावलाय. हे म्हणालेत, दोघं चिकटल्यावरचा पायजे हुता. अण्णांनी असं बघितलं त्यांच्याकडं, गप बसलेत."

"आणि अण्णांना कसा वाटला?"

"मघाशी त्या मधल्या जागेवर बोट ठिवून उभे हुते. थांब, बघून सांगतो." पलीकडे चप्पल वाजली, दार करकरलं, म्हस हंबरली. मग शालन हसायला लागली.

"काय झालं?"

"काय न्हाय. परड्यात हाईत. वीट मागं सरकवालेत."